विधातेबाई आणि उंबरनाल्याचा नकाशा

कुठल्याही वाचनालयात आपल्याकडे काय काय आहे याची नोंदवही असते. विधातेबाईंकडे आपल्याकडे काय नाही याची वही होती. हिरव्या कापडी पाठीची, दोनशे पानी. कुणी एखादा अहवाल, राजपत्राचा अंक किंवा नकाशा मागितला आणि तो सापडला नाही, की बाई ती वही ओढत. मागणाऱ्याचं नाव, त्याला हवा असलेला कागद आणि तारीख लिहीत आणि पुढचा रकाना कोरा सोडत. तो कागद कधीतरी, कुठेतरी सापडला की त्या रकान्यात ठिकाण लिहिलं जाई आणि मागणाऱ्याच्या घरी पोस्टकार्ड जाई. सात-सात वर्षांनी पोस्टकार्ड आलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांतल्या एकाने तोवर अभ्यासाचा विषय काय, गावसुद्धा बदललं होतं. बाईंना कुणीतरी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांनी विषय सोडला असेल. मी कुठे सोडलाय?"

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याला नगररचनेचं शिक्षण घेत होते आणि शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी माझंच शहर निवडलं होतं. द्वारका चौकापासून अंबडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत नाशिक कसं वाढलं, मळे जाऊन कारखाने आणि वसाहती कशा आल्या, असा विषय. वडील अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आमचं घर तिथून जवळच होतं. घरी राहायचं, घरचं जेवायचं आणि दोन महिन्यांत काम उरकून पुण्याला परतायचं, असं मी ठरवलं होतं.

गावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर संदर्भ विभागाची लांबट खोली होती. तिथे एक ठेंगणी, सावळी, पंचावन्नच्या आसपासची बाई भिंग घेऊन शासकीय राजपत्र वाचत बसली होती. लोक सकाळचं वर्तमानपत्र वाचतात तसं, मध्येच मान हलवत. मी म्हटलं, मला नाशिकच्या नगर नियोजनावर काहीतरी हवं आहे. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"काहीतरी नावाचं पुस्तक आमच्याकडे नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बस. आधी पाणी पी. मग सांग, तुला नेमकं काय विचारायचंय आणि कुणाला."

मला राग आला होता, पण मी बसले. त्यानंतरच्या तासाभरात त्या बाईंनी मला जे शिकवलं, ते पुण्याच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की सरकारी कागद शोधताना विषय धरून शोधायचं नाही, माणूस धरून शोधायचं. हा कागद कुणी केला असेल, कुणाच्या हुकमावरून केला असेल आणि त्याच्या प्रती कुणाकुणाला गेल्या असतील, एवढं मनाशी पक्कं केलं की निम्मा शोध संपतो. "कागद एकटा जन्मत नाही," त्या म्हणायच्या. "त्याला भावंडं असतात. एक तालुक्याला, एक जिल्ह्याला, एक पुण्याला. थोरला वाळवीने खाल्ला तर धाकट्याच्या घरी जायचं." मग त्यांनी कपाट उघडून जिल्ह्याचं गॅझेटिअर, जनगणनेच्या पुस्तिका, राजपत्रांचे बांधलेले गठ्ठे आणि शहराच्या विकास योजनेचा अहवाल माझ्यासमोर रचला. विकास योजना म्हणजे शहराने पुढची वीस वर्षं कुठे रस्ते, कुठे शाळा, कुठे बागा ठेवायच्या याचा सरकारी आराखडा. तो अहवाल त्या खोलीत कित्येक महिन्यांत कुणी मागितला नव्हता, तरी त्यावर धूळ नव्हती.

बाईंचं पूर्ण नाव सुमन. घर माळ्याचं. शहराच्या कडेला त्यांच्या वडिलांचा शेवंतीचा आणि भाजीचा मळा होता. तो आता धाकटा भाऊ शिवनाथ बघायचा आणि बाई त्याच्याकडेच एका खोलीत राहायच्या. लग्न झालं होतं, पण दोन वर्षांत त्या परत आल्या होत्या. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि आम्हीही कधी विचारलं नाही. रोज सकाळी शिवनाथ फुलांच्या पाट्या टेम्पोत घालून बाजारात निघाला की बाई त्याच टेम्पोत पुढे बसून यायच्या, त्यामुळे संदर्भ विभागाला पावसाळ्यानंतर शेवंतीचा वास असायचा. वाचनालयात कुणी त्यांच्या शिक्षणाचं कौतुक केलं की म्हणायच्या, "मळ्यात तण उपटायचं आणि इथं चुका उपटायच्या. काम तेच आहे."

माझा प्रबंध सुरळीत चालला होता, तोच मध्ये उंबरनाला आला.

अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला खोलगट जागेत साठ-सत्तर घरांची वस्ती होती. हरसूल, पेठ भागातून कारखान्यांच्या कामाला आलेली माणसं तिथे पंधरा-वीस वर्षांपासून राहत होती. पाहणीसाठी घरोघर फिरताना माझी तिथल्या झिंगूबाईशी ओळख झाली. ती मूळची हरसूलची, बांधकामावर मजुरी करायची. आवाज खणखणीत. तिने मला दारावर चिकटवलेली नोटीस दाखवली. वस्ती उंबरनाल्याच्या नैसर्गिक पात्रात असल्यामुळे हलवावी लागेल, कुणाची हरकत असल्यास अमुक मुदतीत लेखी कळवावी आणि सुनावणीला हजर राहावं, असा तिचा मतलब होता. दर पावसाळ्यात तिथे कमरेएवढं पाणी येतं हे खरंच होतं. मी तसं म्हणाले.

"पानी येतं ना, नाय कोन म्हनतं," झिंगूबाई म्हणाली. "पन आमी नाल्यात नाय बसलो, ताई. नाला आमच्यात आला. आलो तवा हितं कोरडं माळरान व्हतं."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, जरा गमतीने. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तू तपासलंस का?" मी म्हटलं, कसं तपासणार. विकास योजनेच्या अहवालाला जोडलेला त्या भागाचा नकाशा फाटलेला आहे. जमिनीच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात गेले, तर तिथल्या कारकुनाने गावचा मूळ नकाशा जीर्ण झाला आहे, उघडता येत नाही, असं सांगून परत पाठवलं. प्रबंधात मी तळटीप देऊन टाकते, 'जुना नकाशा उपलब्ध नाही.'

बाईंनी चष्मा काढला. त्या चिडल्या की चष्मा काढायच्या, हे मला तोवर कळलं होतं.

"किती दारं ठोठावलीस?"

"दोन."

"दोन दारांवरून परत येणाऱ्याने 'मला मिळालं नाही' असं लिहावं. 'उपलब्ध नाही' असं लिहायचा अधिकार शेवटच्या दारावरून परत आलेल्याला असतो. तुझ्या तळटिपेवर विसंबून उद्या कुणी तरी त्या बाईचं घर पाडेल."

मग त्यांनी हिरवी वही उघडली आणि माझ्या नावापुढे लिहिलं : उंबरनाला, जुना मार्ग. सुनावणीला पाच आठवडे होते.

ते पाच आठवडे मी जन्मात विसरणार नाही. वाचनालय दुपारी दोन तास बंद असे. त्या दोन तासांत बाई डबा न खाता माझ्याबरोबर निघायच्या. आम्ही तलाठ्याकडे गेलो, तिथला नकाशा पुराच्या पाण्यात भिजून त्याचा लगदा झाला होता. तालुक्याला गेलो, तिथे ज्यांच्याकडे किल्ली होती ते रजेवर होते. पुन्हा गेलो, तर ते जेवायला गेले होते. तिसऱ्या वेळी बाईंनी पिशवीतून शेवंतीची जुडी काढून त्यांच्या टेबलावरच्या गणपतीला वाहिली आणि समोरच्या बाकावर बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत, तक्रार केली नाही. पाऊण तासाने तो गृहस्थ स्वतःच अवघडून उठला आणि त्याने कपाट उघडलं. आमच्या गावचा गठ्ठा तिथे होता, फक्त त्यातून आम्हाला हवं होतं तेच पान गेलेलं होतं. मी रिक्षात रडकुंडीला आले होते. बाई म्हणाल्या, "आज एक दार कमी झालं. म्हणजे आपण पुढे आलो की मागे गेलो?"

चौथ्या आठवड्यात एके दिवशी त्या सकाळपासून हिरवी वही उघडी ठेवून बसल्या होत्या. दुपारी अचानक म्हणाल्या, "आपण जमीनवाल्यांच्या मागे लागलोय. नाला म्हणजे पाणी. पाणीवाल्यांना कुठे विचारलं?" त्यांनी मांडलेलं गणित असं होतं : त्या भागाच्या वरच्या अंगाने एक जुना कालवा जातो. कालवा बांधताना मध्ये जिथे जिथे नाला आला असेल, तिथे तिथे पाणी खालून काढून द्यायला दगडी मोरी बांधावी लागली असेल. मोरी बांधली असेल तर तिचा नकाशा असेल. आणि त्या नकाशात नाला कुठून येतो आणि कुठे जातो हे दाखवल्याशिवाय वरच्या साहेबाने सही केली नसेल.

आधी मोरी शोधायला हवी होती. दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही दोघी कालव्याच्या भरावावरून चालत निघालो. घाणेरीची झुडपं माजली होती, बाईंचा पदर सारखा अडकत होता. अर्ध्या तासाने मला खाली काळ्या दगडाची कमान दिसली. मी भराभर उतरले. मोरी चांगली पुरुषभर उंचीची होती, आणि तिच्या तोंडापासून सरळ उताराला नाला असायला हवा होता. तिथे नाला नव्हता. तिथे मातीचा बांध होता, आणि बांधापलीकडे फुललेल्या शेवंतीचे वाफे होते. पाणी जायला बांधाच्या कडेने उजवीकडे एक चर काढलेला होता. तो चर रस्त्याच्या कडेला जाऊन मिळत होता, आणि तो रस्ता खाली सरळ झिंगूबाईच्या वस्तीकडे उतरत होता.

मी आनंदाने बाईंना हाका मारल्या. त्या वर भरावावरच बसल्या होत्या. मी वर गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आज इथवर पुरे." मला वाटलं, उन्हाने दमल्या असतील.

सोमवारी बाई वाचनालयात आल्या नाहीत. शिपायाने सांगितलं की त्यांची अशी न कळवता पडलेली रजा त्याला आठवत नाही. मंगळवारी आल्या. मला समोर बसवलं आणि खाली टेबलाकडे बघत म्हणाल्या, "तो मळा आमचा आहे."

त्याच सांगत राहिल्या. त्या सहा-सात वर्षांच्या असताना मळ्याच्या मधून एक ओहळ जायचा. काठावर उंबराचं झाड होतं. ओहळामुळे मळ्याचे दोन तुकडे पडत, म्हणून वडिलांनी वर बांध घातला आणि ओहळ बुजवला. दोन उन्हाळे काम चाललं होतं. घरातली सगळी माणसं माती वाहायला होती. "डोक्यावरून पाट्या मीही वाहिल्यात. तेव्हा ते चांगलं काम वाटायचं. खाली तर कुणीच राहत नव्हतं. पाणी माळावर पसरून जिरायचं. रस्ता वस्तीनंतर झाला, तेव्हा ते त्याच्या कडेने एकवटून खाली उतरलं." मोरीचं सुचलं तेव्हाच त्यांना तो ओहळ आठवला होता, हेही त्यांनी सांगितलं.

आणि मुख्य गोष्ट पुढेच होती. शिवनाथने तो मळा प्लॉट पाडण्यासाठी द्यायचं ठरवलं होतं. फुलशेतीत राम राहिला नव्हता, त्याला दोन मुली होत्या, बोलणी होत आली होती. जुना नाला कागदावर आला की मळ्याच्या मधोमध पट्टा मोकळा सोडावा लागणार आणि उरलेल्या तुकड्यांना कुणी विचारणार नाही, हे बाईंना माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळत होतं. त्यांची खोलीही त्याच मळ्यात होती.

मी म्हटलं, बाई, राहू द्या. मी प्रबंधात दुसरं काही लिहीन. झिंगूबाईसाठी वेगळा अर्ज करू.

"काय लिहिशील? उपलब्ध नाही?" त्यांनी विचारलं. मग पॅड ओढलं आणि नकाशाच्या नकलेसाठीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहायला घेतला. वळणदार, सावकाश अक्षर. सर्व्हे नंबर लिहायची जागा आली तेव्हा त्यांनी कुठेही न बघता तो लिहिला. वडिलांच्या सातबाऱ्यावरचा नंबर त्यांना पाठच होता.

मोरीचा नकाशा कालव्याच्या एका जुन्या गोदामात, सिमेंटच्या पोत्यांमागे लोखंडी पेटीत मिळाला. कापडावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, पण रेषा स्वच्छ. निळ्या शाईची दुहेरी रेघ मोरीतून निघून सरळ मळ्यातून खाली गेली होती, आणि काठावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : उंबर. वस्तीच्या जागी काहीच नव्हतं, नुसता कोरा माळ. सुनावणीच्या आदल्या दिवशी सही-शिक्क्याची नक्कल आमच्या हातात पडली. त्याच संध्याकाळी बाईंनी घरी शिवनाथला सगळं सांगितलं. दुसऱ्याकडून कळायला नको, असं त्यांचं मत होतं.

सुनावणीच्या खोलीत गर्दी होती. झिंगूबाई नकाशा दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि मला म्हणालेलं तेच वाक्य तिने साहेबांना ऐकवलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यासमोर त्या दिवशी शंभरावर हरकती होत्या. तो म्हणाला, नकाशा फार जुना आहे. नाला आपोआपही मार्ग बदलतो. कुणी वळवला याला पुरावा काय? ज्यांच्या शेतातून हा नाला दाखवलाय, त्या शेताचे मालक हजर आहेत का?

शिवनाथ आला नव्हता. मग मागच्या बाकावरून बाई उठल्या.

"मालकाची मुलगी हजर आहे," त्या म्हणाल्या. "नाला आमच्या वडिलांनी बुजवला. मी माती वाहिली आहे. माझा जबाब लिहून घ्या, मी सही करते."

साहेबाने लेखनिकाला खूण केली. बाईंनी सांगितलं तेवढं सगळं लिहून घेतलं गेलं. सही करण्याआधी त्यांनी ते दोनदा वाचलं आणि 'बुजवीला' मधली वेलांटी दुरुस्त करायला लावली. 

निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. वस्ती हलवण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला. मोरीपासून खाली नाल्याचा जुना मार्ग मोकळा करायचा आणि दोन्ही काठांना जागा सोडायची, असं ठरलं. प्लॉटवाल्यांनी शिवनाथशी बोलणी मोडली. त्याच सुमारास मी त्याला बाजारात भेटले. फुलांच्या ढिगामागे तो उकिडवा बसला होता. मला बघून तो भांडेल असं वाटलं होतं, पण तो फक्त म्हणाला, "ताई, तुमचा अभ्यास झाला. माझा मळा गेला." मला चांगले गुण मिळाले होते आणि ते कुणाला सांगावेसे वाटत नव्हते.

शिवनाथने बाईंना घराबाहेर काढलं नाही. बोलणं बंद केलं, एवढंच. एकाच अंगणात राहून चार महिने कुणी आपल्याशी बोलत नाही, हे त्यांनी सोसलं, आणि मग एका दुपारी दोन ट्रंका घेऊन त्या द्वारकेजवळ एका खोलीत राहायला गेल्या. खाली टायरचं दुकान होतं, दिवसभर ट्रकचे भोंगे. त्या वर्षी भाऊबीजेला ताट तयार करून त्या बसल्या होत्या, असं शेजारणीने मला सांगितलं. शिवनाथ आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. त्यांना याबद्दल विचारायची माझी हिंमत झाली नाही. एकदा त्या आपणहून एवढंच म्हणाल्या, "त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझंही चुकलं नाही. दोन्ही खरं असू शकतं, कागदावर एकच लिहिता येतं, इतकंच."

निवृत्त झाल्यावर बाई घरी बसतील हे शक्यच नव्हतं. जिल्हा कचेरीच्या आवारात कडुनिंबाखालच्या बाकावर त्या जाऊन बसू लागल्या. कुणाला मिळकतीचा उतारा हवा असे, कुणाला रस्त्यात गेलेल्या जागेचा जुना नकाशा. अर्ज कुणाच्या नावे करायचा, कागदाला काय म्हणतात, तो या इमारतीत नसेल तर कुठल्या, हे बाई सांगत. पुढे माहितीचा अधिकार आला तेव्हा मी उत्साहाने त्यांना म्हटलं, आता तुमचं काम सोपं झालं. त्यांनी मान हलवली. "कायदा आला, फार चांगलं झालं. पण दार उघडलं तरी आत जाऊन कागदाला नावाने हाक मारावी लागते. ते नाव लोकांना कोण सांगणार?" तोवर मी नाशिकमध्येच नगररचनेचं काम करत होते. माझ्याकडे येणाऱ्या शिकाऊ मुलामुलींना मी आधी त्या बाकाकडे पाठवायची. तिथून परत आलेलं पोर 'काहीतरी' हा शब्द पुन्हा वापरत नसे.

उंबरनाला मोकळा व्हायला चार वर्षं लागली. दर पावसाळ्याआधी बाई स्मरणपत्र लिहायच्या आणि त्याची पोच घेऊन यायच्या. शेवटी यंत्र आलं, बांध फोडला गेला आणि शेवंतीच्या मधून पुन्हा एक खोल चर खाली नदीकडे गेला. बाई तो बघायला गेल्या नाहीत. मळ्यात पाऊल टाकायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, भाद्रपदात, सलग तीन दिवस पाऊस लागून राहिला. गोदावरीला मोठं पाणी आलं, गावातले पूल बंद झाले. बाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मूत्रपिंडाचं दुखणं होतं आणि त्यांना उठून बसायलाही आधार लागायचा. तिसऱ्या दिवशी पाऊस ओसरल्यावर मी वस्तीवर गेले. रस्ता ओला होता, पण घरात पाणी शिरलं नव्हतं. झिंगूबाई चुलीवर चहा ठेवत होती. "पानी औंदा आलंच नाय," ती म्हणाली, जणू एखादा पाहुणा आला नाही असं.

मी मळ्याकडे गेले. नाला दुथडी भरून वाहून गेला होता. दोन्ही काठांवरची शेवंतीची एकेक ओळ आडवी झाली होती. शिवनाथ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शेताच्या बांधावर उभा होता. केस पिकले होते. मला ओळखून तो पुढे आला. मग म्हणाला, "लय पानी व्हतं, ताई. नाला नसता तर सगळं खाली गेलं असतं. त्या लेकराबाळांच्या अंगावर." दुसरीकडे बघत त्याने विचारलं, "आक्का कशी हाय?"

मी सांगितलं. तो आडवी झालेली शेवंती सरळ करू लागला. मी निघाले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "आक्काला सांगा, पानी नाल्यातनंच गेलं म्हनावं."

मी तिथून थेट द्वारकेला गेले. बाईंना उशीला टेकवून बसवलं आणि सगळं सांगितलं, वस्ती, झिंगूबाई, शेवंती, शिवनाथ. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"पाणी किती चढलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बरंच. काठापर्यंत.

"बरंच म्हणजे किती? मोरीच्या कमानीपर्यंत की खाली? मोजलंस का?" डोळे उघडून त्या माझ्याकडे बघत होत्या. "दोन दिवसांत ती चिखलाची खूण धुऊन जाईल. मग तीस वर्षांनी कुणी पोरगी विचारायला आली की तिला काय सांगायचं? जा. अजून उजेड आहे."

मी गेले. घरून टेप घेतली आणि पुन्हा कालव्याच्या भरावावरून खाली उतरले. मोरीच्या काळ्या दगडांवर पाण्याची रेघ ओली होती. एकटीने टेप धरता येईना, वरचं टोक सारखं सुटत होतं. मळ्यातून शिवनाथ बघत होता. त्याने विचारलं काय करता, मी सांगितलं कुणी पाठवलंय.

तो पाण्यातून चालत आला, मोरीच्या तोंडाशी वाकला आणि टेपचं दुसरं टोक त्याने दगडाला घट्ट दाबून धरलं. "नीट बघा," तो म्हणाला. "आक्का दोनदा इचारंल."